रंगमंचावरील आसन आणि आगीचे नियम : मराठी प्रयोगपरंपरेच्या संदर्भात

भरताच्या नाट्यशास्त्रात अग्नीचे स्थान दुहेरी आहे. पहिल्या अध्यायात नाट्यगृहाच्या रक्षणासाठी देवतांची नेमणूक होते, तेव्हा वेदिकेच्या रक्षणाचे काम वह्नीकडे येते. तिसऱ्या अध्यायात रंगदैवतपूजनाचा विधी सांगून झाल्यावर, वाऱ्याने चेतवलेला अग्नीदेखील जाळणार नाही इतक्या त्वरेने अयथार्थ विधी जाळतो, असा इशारा दिलेला आहे. याच ग्रंथात आसनांचाही विचार आहे. प्रेक्षकांची बैठक विटा आणि लाकूड यांनी पायऱ्यांसारखी चढती रचावी, आणि रंगमंचावर कोणत्या पात्राला सिंहासन, कोणाला वेत्रासन, कोणाला मुंडासन द्यावे याचे तपशीलवार विधान आहे. मात्र अग्नी आणि आसन यांची गाठ या ग्रंथात कोठे पडत नाही. आसन हा पात्राच्या दर्जाचा प्रश्न राहतो. ते जळते की नाही हा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवला एकोणिसाव्या शतकात, युरोपातील जळिताच्या राखेतून, आणि नंतर परवान्याच्या कागदावरून आपल्याकडे आला.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रवास आहे. तो निवडण्याचे कारण समकालीन आहे. बंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या दरम्यान बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. सेक्टर, मेन आणि क्रॉस यांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या अशा वसाहतींत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे गणेशोत्सवात एकांकिका बसवतात, गाण्याचे कार्यक्रम करतात, पाहुण्यांचा सत्कार करतात. येथे रंगमंच ही वास्तू नसते. तो एका दिवसापुरता भाड्याने येतो आणि त्याच्यासोबत मागचा फ्लेक्स, पुढची झालर, खालचा गालिचा आणि सत्कारमूर्तींसाठी मखमली कापडाचा सोफाही येतो. नाट्यगृहाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मंचाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तथापि आजच्या मराठी प्रयोगाचा केवढा तरी भाग अशाच मंचावर घडतो, आणि आगीच्या दृष्टीने हाच मंच सर्वांत उघडा आहे.

युरोपीय नियमांचा पाया एका गृहीतकावर उभा आहे. रंगमंच पेट घेणारच. तेव्हा त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये एक भिंत असावी, हे ते गृहीतक होय. लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात १७९४ मध्ये लोखंडी पडदा बसवण्यात आला आणि त्याचे मोठ्या अभिमानाने प्रदर्शन करण्यात आले. १८०९ मध्ये तेच नाट्यगृह जळून खाक झाले. व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला ८ डिसेंबर १८८१ रोजी आग लागली तेव्हा लोखंडी पडदा होता, पण तो खाली आला नाही. जवळजवळ चारशे माणसे मेली. १८८७ मध्ये एक्सेटर येथील थिएटर रॉयलमध्ये १८६ जण दगावले आणि त्यानंतर इंग्लंडात संरक्षक पडद्याचा आग्रह पक्का झाला. शिकागोचे इरक्वॉय थिएटर तर अग्निरोधक म्हणूनच जाहिरात करत होते; ३० डिसेंबर १९०३ च्या दुपारच्या खेळात दिव्याच्या ठिणगीने नेपथ्याचे कापड पेटले, पडदा मध्येच अडकला आणि ६०२ जणांचा अंत झाला. नाट्यचर्चेत प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यातील काल्पनिक चौथ्या भिंतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या दशकांत ती कल्पना युरोपीय वास्तववादी रंगभूमीवर रुजत होती, त्याच दशकांत कायदा त्याच जागी खरी, लोखंडाची भिंत मागत होता, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत क्वचितच येते.

याला समांतर असा दुसरा एक विचार होता आणि तो वयाने फारसा लहान नाही. फ्रान्सच्या अठराव्या लुईच्या सांगण्यावरून रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने नाट्यगृहातील कापड सहजासहजी पेटू नये यासाठी प्रयोग केले आणि १८२१ मध्ये अमोनियमचे क्षार व टाकणखार यांच्या मिश्रणांची उपयुक्तता दाखवून दिली. येथे भिंतीचा आधार नाही. जळणाऱ्या द्रव्याचाच स्वभाव बदलण्याची खटपट आहे. पहिल्या विचाराला भिंतीचा नियम म्हणू, दुसऱ्याला द्रव्याचा नियम. पहिला वास्तूला लागू होतो आणि वास्तूबरोबरच संपतो. दुसरा वस्तूच्या मागोमाग कोठेही जाऊ शकतो, मंडपातही. पुढील विवेचनात मला असे दाखवायचे आहे की आपल्याकडे पहिल्याचा वारसा आला, पण ज्या ठिकाणी आपले बहुसंख्य प्रयोग होतात तेथे उपयोगी पडेल असा दुसराच होता.

महाराष्ट्रात हा वारसा पोलिसांच्या हाती आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम ३३ अन्वये करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे नियम करता येतात. त्याखालील १९६० च्या नियमावलीच्या शीर्षकातच चित्रपटगृहे वगळून अन्य करमणुकीच्या जागा आणि 'मेळे व तमाशे यांसह' प्रयोग असा उल्लेख आहे. या नियमावलीशी मराठी समीक्षेचा परिचय जुना आहे, परंतु तो एकांगी आहे. संहितेचे पूर्वपरीक्षण याच परवाना-व्यवस्थेतून चालत आले आणि १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वरून जो वाद पेटला त्याची मुळेही येथेच होती. आम्ही अभ्यासकांनी त्यातला शब्दांवर बंधने घालणारा भाग वाचला. दारे, वाटा आणि बैठका यांवर बंधने घालणारा भाग वाचण्याची गरज आम्हांला वाटली नाही. वस्तुतः दोन्ही भागांत राज्यसंस्था एकच प्रश्न विचारत असते : एकत्र बसलेल्या माणसांचे काय होईल? एका भागात त्यांच्या मनाची काळजी आहे, दुसऱ्यात शरीराची. पहिली काळजी बहुधा अनाठायी ठरली. दुसरी तशी ठरली नाही.

शीर्षकातील तमाशाच्या उल्लेखापाशी थोडे थांबायला हवे. फडाचा तमाशा तंबूत होतो, प्रेक्षक जमिनीवर बसतो आणि मंचावर बसण्याजोगी वस्तू जवळपास नसतेच. खुर्च्यांच्या रांगा गृहीत धरून केलेल्या नियमाला तेथे धरायला काही सापडत नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफिलींत आपण जिला 'भारतीय बैठक' म्हणतो तिचेही असेच आहे. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात खुर्ची आणि भारतीय बैठक या तिकिटाच्या दोन श्रेणी झाल्या. पण पळण्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यवस्थाच आहेत. जमिनीवर बसलेला माणूस उठला की मागे अडखळायला काही राहत नाही, मात्र तेथे आखलेली वाटही नसते. सुट्या खुर्च्यांच्या बाबतीत उलट घडते. वाट असते, पण घाईत उठलेल्या माणसांच्या खुर्च्या त्याच वाटेत आडव्या होतात. अमेरिकेत हार्टफर्ड येथे ६ जुलै १९४४ रोजी सर्कशीच्या तंबूला लागलेल्या आगीत १६७ जण मेले, त्यात घडीच्या सुट्या लाकडी खुर्च्यांचा अडथळा हे एक कारण होते. मंडपांसाठीच्या सूचनांत खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवण्यावर जो भर दिसतो त्याच्यामागे असे अनुभव आहेत. 'खुर्ची' आणि 'सोफा' हे दोन्ही शब्द मुळात अरबीच. पहिला फारसीच्या वाटेने आपल्याकडे स्थिरावला, दुसरा तुर्की आणि युरोपीय भाषांना वळसा घालून उशिरा आला. वस्तूही त्याच क्रमाने आल्या.

मराठी मंचावर त्या कशा आल्या हे पाहणे या विषयाच्या गाभ्याशी जाते. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्या वळणाच्या खेळात मंच जवळजवळ रिकामा असे. उजेड दिवट्यांचा आणि आसन लागले तर एखादा चौरंग. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, आणि रंगवलेल्या पडद्यांचे युग रुळले. राजवाडा असो वा तपोवन, ते कापडावर असे. गंधर्व नाटक मंडळीने १९१३ नंतर खरे गालिचे, खरी मखमल यांचा थाट मांडला. तरीही नाटकाची रचना गाण्यासाठी उभे राहणाऱ्या नटाभोवतीच होती. बसणे हा त्या नाटकाचा धर्म नव्हता. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, तेव्हा हा धर्म बदलल्याचे स्पष्ट झाले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावर आधारलेल्या या प्रयोगात तीन भिंतींचा दिवाणखाना मांडलेला होता. बसून, हलक्या आवाजात, एकमेकांकडे पाहत बोलण्याची ही रीत आसनाशिवाय शक्य नव्हती. म्हणून सोफा ही त्या नाटकाची केवळ सजावट ठरत नाही, ती त्याच्या वाक्यरचनेची अट आहे. तुलनाकारांनी नॉर्वेजियन कथानकाचे मराठीकरण बारकाईने तपासावे आणि त्याच्याबरोबर आलेल्या बैठकीकडे पाहू नये, हे मला अपुरे वाटते.

आसनांची ही नाट्यभाषा पुढे किती प्रगल्भ झाली याचे उत्तम उदाहरण म्हणजे तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). गावातल्या एका सभागृहात नटमंडळी जमतात, तेथल्याच टेबल-खुर्च्या सरकवून न्यायालय उभे करतात आणि त्या मांडणीतूनच बेणारेबाईंचा कोंडमारा सुरू होतो. नाटकाच्या आरंभी सभागृहाच्या दाराच्या कडीविषयी एक साधीशी सूचना दिलेली आहे. पुढे बेणारे बाहेर पडू पाहते तेव्हा ते दार बाहेरून अडकलेले असते. या कडीचा प्रतीकात्मक अर्थ पुष्कळांनी लावला आहे. तिचा शब्दशः अर्थ लावणारा वाचक मात्र अग्निशमन अधिकारीच असेल.

शब्दशः अर्थाची वेळ १९८१ च्या फेब्रुवारीत दोनदा आली. ७ फेब्रुवारीला बंगळुरूत व्हीनस सर्कशीच्या तंबूने पेट घेतला. ९२ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुतेक मुले होती. बरोबर एका आठवड्याने, १४ फेब्रुवारीच्या पहाटे, डब्लिनच्या स्टारडस्ट या नृत्यगृहात ४८ तरुण-तरुणी मेल्या. बंगळुरूत वरचे कापड जळाले. डब्लिनमध्ये आग प्रथम दिसली ती आसनांवर. सभागृहाच्या पश्चिमेकडील बैठकीचा भाग त्या रात्री गुंडाळत्या पडद्याने बंद केलेला होता. पडदा वर केल्यावर आत पॉलियुरेथेन फोमची, प्लास्टिकच्या कापडाने मढवलेली आसने पेटलेली लोकांना दिसली. बाहेर जाण्याची काही दारे कुलूपबंद होती, काही अडवलेली होती. १९८२ मधील चौकशीने आग बहुधा कोणी लावली असावी असा निष्कर्ष काढून तेथे उपस्थित असलेल्यांवरच संशयाची छाया टाकली. तो निष्कर्ष २००९ मध्ये अधिकृतपणे मागे घेण्यात आला आणि एप्रिल २०२४ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर रीतीने झाल्याचा निर्णय दिला. आग पसरण्याच्या कारणांत आसनांतील फोमचा स्पष्ट उल्लेख झाला. त्रेचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात गायक ख्रिस्टी मूर यांनी १९८५ मध्ये या घटनेवर केलेले गीत न्यायालयाचा अवमान म्हणून मागे घ्यावे लागले.

येथे फोमविषयी थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काथ्या किंवा कापूस भरलेली जुनी गादी ठिणगीने बराच वेळ धुमसते. पॉलियुरेथेन फोम, प्रक्रिया केलेला नसल्यास, ज्योत लागताच काही मिनिटांत भडकतो आणि दाट काळ्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. माणसे ज्वाळांच्या आधी धुराने मरतात. मँचेस्टरच्या वूलवर्थ दुकानात मे १९७९ मध्ये फर्निचर विभागातील फोमला आग लागून १० जण मेले, आणि अशा घटनांनंतर ब्रिटनने १९८८ मध्ये घरगुती गादीदार फर्निचरसाठी कडक नियम केले. बीएस ५८५२ या तेथील मानकात आसनावर जळती सिगारेट ठेवणे, काडीएवढी ज्योत लावणे आणि त्याहून मोठ्या आगीसाठी लाकडी काटक्यांची रचून केलेली चिता पेटवणे, अशा चढत्या कसोट्या आहेत. गे-ल्युसाकचा द्रव्यविचार येथे आसनापर्यंत पोहोचला.

भारतात या काळात नियम झाले नाहीत असे नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेने एकत्र जमण्याच्या इमारतींचा स्वतंत्र गट केला आणि त्याचे पोटभेद पाडताना कायमचा रंगमंच आहे की नाही व बसणाऱ्यांची संख्या किती, हेच निकष धरले : मंच आणि स्थिर आसने असलेली हजाराहून मोठी सभागृहे, त्याहून लहान, मंच नसलेली, आणि शेवटी सर्कशीच्या तंबूसारखे तात्पुरते प्रकार. मंडपांसाठी आयएस ८७५८ हे वेगळे मानक आहे. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर टाळण्याची, वीजवाहिन्यांखाली मंडप न घालण्याची शिस्त त्यात आहे. १९९३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम कापडाचा शामियाना पेटून चारशेहून अधिक माणसे, मुख्यतः मुले आणि त्यांच्या आया, जळून मेली. मानक कपाटात होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गुदमरून मेले, तेथे तर आसनच आरोपी ठरले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी उजवीकडची वाट बंद केलेली होती, आणि या फेरफाराला वेळोवेळी मान्यताही मिळालेली होती. खुर्ची म्हणजे एक तिकीट, आणि वाट म्हणजे न विकलेली जागा, हा हिशेब त्यामागे होता.

या सर्वांतून एक गोष्ट निघते. आपला नियम प्रेक्षकाच्या खुर्चीकडे तिची जागा, संख्या आणि रांग यांसाठी पाहतो. मंचावरच्या सोफ्याकडे पाहण्याची त्याची सवय नाही, कारण तो सोफा लोखंडी पडद्यापलीकडचा, म्हणजे जळून गेला तरी चालेल अशा प्रदेशातला मानला गेला. एचएसआर लेआउटमधल्या एका दिवसाच्या मंचाला तो पडदा नसतो. सत्कारमूर्तींचा सोफा आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचा सोफा एकाच टेम्पोतून उतरतो, एकाच फोमचा असतो आणि त्यांच्यामध्ये झालरीच्या कापडाखेरीज काही नसते. त्या झालरीमागे दिव्यांच्या तारा, आणि अलीकडे मंचावर थंड ठिणग्या उडवणारी यंत्रेही. मुंबईत १४ फेब्रुवारी २०१६ रोजी गिरगाव चौपाटीवर 'मेक इन इंडिया' सप्ताहातील महाराष्ट्र रजनीचा मंच लावणीनृत्य चालू असताना पेटला. राज्याचे मुख्यमंत्री आणि चित्रपटसृष्टीतील नामवंत उपस्थित असल्याने बंदोबस्त भरपूर होता. मैदान मोकळे होते आणि मनुष्यहानी टळली. गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबमध्ये ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री नृत्याचा कार्यक्रम चालू असताना आग लागली, तेथे ही मोकळीक नव्हती. २५ जण मेले. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांनी पहिले काही क्षण ज्वाळा हा कार्यक्रमाचाच भाग समजून पाहिल्या असतील, तर त्यांना दोष देता येत नाही. मंचावर जे दिसते ते खरे नसते, हेच तर आपण रसिकाला शिकवतो.

वास्तूच्या बाबतीत तरी भिंतीचा नियम पुरेसा ठरतो काय, याचे उत्तर कोल्हापूरने दिले. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालेले नाट्यगृह पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. केशवरावांनी ललितकलादर्श ही संस्था १९०८ मध्ये हुबळीला स्थापन केली होती. मराठी रंगभूमीचा कर्नाटकाशी असलेला हा धागा बंगळुरूच्या वसाहतींच्या कितीतरी आधीचा आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा; २००८ च्या डिसेंबरात तो अमलात आला. त्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रमाणपत्र यंत्रणेचे असते. गादीत काय भरले आहे हे सांगणे त्याचे काम नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. सुदैवाने तेव्हा खेळ चालू नव्हता. छप्पर, रंगमंच, पडदे, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, केशवरावांच्या जयंतीचा होता आणि त्यासाठी येणारे कलावंत त्या भिंतींसमोर जमले. पुनर्बांधणीचे काम पुढे हाती घेण्यात आले. मूळ रूप जपण्याविषयी जी चर्चा झाली ती साहजिकच दगड, छप्पर आणि ध्वनी यांविषयी होती. नव्या खुर्च्यांच्या आणि मंचावर ठेवायच्या सामानाच्या गादीत कोणते द्रव्य असावे, ते कोणत्या कसोटीवर पाहावे आणि भाड्याने आत येणाऱ्या सोफ्याला तीच कसोटी दारात लावावी काय, हे प्रश्न निविदेच्या कोणत्या तरी परिशिष्टात सुटतील किंवा सुटणार नाहीत. नाट्यअभ्यासकाने ते परिशिष्ट मागवून वाचावे.